बाई वजन निवडून द्यायच्या

पाच किलोच्या डंबेलची जोडी घेऊन मी जिना चढत होते, तेव्हा बाईंनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. त्याआधी दोन महिने मी हडको वसाहतीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पण आमचं बोलणं नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि फाटकाची कडी कशी लावायची, याच्या पुढं गेलं नव्हतं. खाली त्या एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. आंटी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

माझ्या डाव्या मनगटाचं प्लास्टर निघून आठवडा झाला होता. जळगाव रोडला स्कूटी घसरून हाड मोडलं होतं. प्लास्टरमधून बाहेर आलेला हात माझा वाटतच नव्हता. मनगट बारकं, कातडी कोरडी, बोटांत जीव नाही. मी औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. एका हातानं माणसाचा दंड धरायचा, दुसऱ्यानं सुई. धरणारा हातच गेला तर कोण ठेवून घेणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू वजन उचलायला लागा. किती, ते मी विचारलं नाही. दुकानात गेले आणि पाचाची जोडी उचलली. जेवढं जड तेवढा हात लवकर भरेल, एवढीच माझी समज.

बाईंनी जिन्याच्या तोंडाशी अडवून खोक्यात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते खोकं माझ्याकडून एका हातानं घेतलं, मेथीची जुडी घ्यावी तसं, आणि पायरीवर ठेवलं. मग माझा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, दाब. मी दाबला. त्या हाताकडं बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. बघून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

इतरांच्या घरी ज्या भिंतीला टीव्ही असतो, त्या भिंतीला बाईंच्या घरी लोखंडी मांडणी होती. वर बुद्धाची तसबीर आणि खाली ओळीनं डंबेलच्या जोड्या, अर्ध्या किलोपासून पंधरापर्यंत. दर रविवारी त्या खोबरेल तेलाचा बोळा घेऊन एकेक जोडी पुसायच्या. त्यामुळं त्या खोलीला लोखंडाचा आणि खोबरेलाचा मिळून एक वास होता. पुढं मला तो माझ्या कपड्यांनाही यायला लागला.

त्यांनी माझ्या हातात अर्ध्या किलोचं दिलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, हे तर पाण्याच्या बाटलीएवढं आहे. त्या नुसतं मोजायला लागल्या, आणि तेही उलटं. बारा, अकरा, दहा. सहावर माझं मनगट थरथरायला लागलं. चारला मी ओठ चावला.

"हे तुझं वजन," त्या म्हणाल्या. "पाच किलो ही तुझी घाई हाय."

पाचाची जोडी त्यांनी आपल्या मांडणीत ठेवून घेतली. ती माझ्या हातात परत यायला सव्वा वर्ष लागलं.

वजन निवडायच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकायच्या नाहीत, उचलणाऱ्याचं तर मुळीच नाही. त्यांचं गणित साधं होतं. बारा वेळा उचलायचं. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, पण खांदे कानाकडं चढायला नकोत आणि श्वास अडकायला नको. आठाच्या आत दम संपला तर खालचं घ्या. गप्पा मारत पंधरा झाले तर वरचं. आणि एका माणसाला एक जोडी कधीच पुरत नाही. दंडाला एक, खांद्याला त्याहून हलकी, मांड्यांना चांगली दुप्पट. लोक दुकानातून एकच जोडी आणतात. ती खांद्याला जड होते, पायांना पुरत नाही, आणि महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळत पडतो. असं त्या सांगायच्या आणि वरून म्हणायच्या, हात खोटं बोलतो, भुवया नाय बोलत.

कुणी नवीन बाईमाणूस आलं तर तिला आधी स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणायला सांगायच्या. ती कुठून वाकते, डबा पोटाशी धरते की लांब, ठेवताना आपटते का, ते बघायच्या. बिचारीला वाटायचं, म्हातारीला पोळ्या करायच्या असतील.

मागच्या गल्लीत बँकेतले एक साहेब होते. त्यांनी स्वतःला दहा किलोची जोडी आणली आणि बायकोला गुलाबी रंगाची एक किलोची. दोघं बाईंकडं व्यायाम विचारायला आले. बाईंनी दोघांनाही उचलायला लावलं. साहेबांचे खांदे पाचव्या वेळेलाच कानाला लागले. वहिनी वर्षानुवर्षं टाकीतलं पाणी बादल्यांनी वर नेणाऱ्या; त्यांनी मांडणीतली पाचाची जोडी बारा वेळा उचलली आणि पुढं काय म्हणून बघत राहिल्या. बाईंनी साहेबांना चाराची जोडी काढून दिली. साहेब पुन्हा आले नाहीत. वहिनी मात्र येत राहिल्या.

शेजारच्या तहसीनभाभी रोज सकाळी पोरं शाळेत गेली की यायच्या. बुरखा दारामागच्या खुंटीला अडकवायच्या आणि दहाची जोडी दोन्ही हातांत धरून उठाबशा काढायच्या. त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं भाभीच करायच्या. त्यांच्या कमरेचं दुखणं बाईंनी सहा महिन्यांत घालवलं होतं. बाई त्यांच्याशी हिंदीत बोलायला जायच्या आणि तिसऱ्या शब्दाला मराठीवर यायच्या.

बाईंच्या दाराजवळ रद्दीवाल्याकडं असतो तसा हुकाचा काटा टांगलेला होता. गल्लीतलं कलिंगड, पोरांची दप्तरं, माझी लॅबची पिशवी, सगळं त्याला लागायचं. पण लेकरांना काटा लागायचा नाही. बारशाला गेल्या की बाळ हातात घ्यायच्या, एकदा वर-खाली करायच्या आणि वजन सांगायच्या. दवाखान्याच्या कार्डावर तेच निघायचं. लोक मुद्दाम कार्ड लपवून विचारायचे. चुकलेल्या मी एकदाच पाहिल्या, ते पुढं येईलच.

एवढं जोखून-मोजून का द्यायचं, असं मी एकदा विचारलं होतं. मला जमत होतं तरी त्यांनी मला तिनावरून चारावर जाऊ दिलं नव्हतं, त्या रागात विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील जुन्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. तेव्हा क्विंटलाची पोती असायची. पाठीवर पोतं टाकणारे दोघं असायचे, वाहणारा एकटा. किती आहे, काय आहे, हे वडिलांनी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. बेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी पोत्याखालून उठायला गेले आणि उठलेच नाहीत. पुढं नऊ वर्षं खाटेवर होते. बाई तेव्हा शाळेत शिकत होत्या. आई आणि त्या मिळून त्यांना उचलायच्या, पुसायच्या, बसवायच्या. आईला उचलायची रीत माहीत नव्हती, तिचीही पाठ गेली.

"माझ्या बापाला वजन निवडता आलं नाय," बाई म्हणाल्या. "तुला येतंय. मग नीट निवड."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. एकदा आपणहूनच म्हणाल्या होत्या की कुणी मागणी घालत आलं नाही, आणि आपणही वाट बघितली नाही. एक धाकटी बहीण होती, बिडकीनला. सणाला भेटी व्हायच्या.

तहसीनभाभींच्या मोठ्या मुलीचं बाळ सहा महिन्यांचं झालं, तेव्हा ती माहेरी आली. बाळ घेऊन सगळ्या बाईंच्या खोलीत जमल्या. बाईंनी बाळ घेतलं, वर-खाली केलं आणि म्हणाल्या, नऊ किलो. भाभींची मुलगी हसली. कालच दवाखान्यात सात भरलं होतं. सगळ्या हसल्या, बाईंना चिडवलं, चहा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाळ दुसऱ्या हातात घेतलं, पुन्हा वर-खाली केलं, आणि हळूच म्हणाल्या, या हाताला सात लागतंय.

त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या दोनदा रिक्षानं कुठंतरी जाऊन आल्या. मी विचारलं तर दात दाखवायला गेले होते म्हणाल्या. त्यांच्या हातून कुकरचं झाकण निसटलं, ब्लाउजचं हुक लावायला त्यांनी मला हाक मारली, हे मी पाहिलं होतं. मी दिवसभर लोकांची आजारपणं नळीत भरणारी बाई. पण घरातलं मला दिसलं नाही.

मला दिसलं ते वेगळंच. बाईंना एकाएकी घाई झाली. आतापर्यंत मला महिनोन्‌महिने एकाच जोडीवर ठेवणाऱ्या बाई दर पंधरवड्याला वजन वाढवायला लागल्या. पाचाची माझी जोडी हातात दिली तो दिवस मी साजरा करायचं ठरवत होते, तर पुढच्या पंधरवड्यात साडेसात आली. दंड बाजूला राहिले, सगळा भर मांड्यांवर आणि पाठीवर. मग दहा. मग म्हणाल्या, डंबेल पुरं, गव्हाचं कट्टं उचल. जमिनीवरून नाही, खुर्चीवरून. मिठी मारल्यासारखं धर, छातीशी घे, उभी राहा, वळ, पलंगावर ठेव. परत पलंगावरून खुर्चीत. आपटायचं नाही.

तीस किलोचं लहान पोतं होतं ते. चौथ्या दिवशी माझे पाय लटपटले आणि कट्टं खुर्चीवरून घसरून फरशीवर पडलं. मी चिडले. म्हटलं, तुम्हीच सांगता की घाई करायची नाही, मग हे काय लावलंय?

बाई पलंगाच्या काठावर बसल्या. उजवा हात डाव्या हातानं उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. तेव्हा मला ते दिसलं.

"मी छप्पन किलोची हाय," त्या म्हणाल्या. "पुढं कमी होईन. पण सुरुवातीला छप्पनच धर."

मला काही समजेना. मग त्यांनी उशाखालचा रिपोर्ट काढायला सांगितला. मी वाचला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा सुकत जातात, असा तो आजार. आधी हात, मग पाय, मग गिळणं आणि बोलणं, शेवटी श्वास. डोकं अखेरपर्यंत जागं राहतं. उलटं फिरवणारं औषध नाही. रिपोर्टवरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.

"मला उचलायला कुणीतरी लागंल," बाई म्हणाल्या. "बहिणीचे गुडघे गेलेत. मावशी ठेवीन कामाला, पण ती रोज येईलच असं नाय. आधी विचारलं असतं तर तू लाजंकाजं व्हय म्हणाली असतीस, आणि तयारी नसताना उचलून पाठ घालवली असतीस. माझ्या आईसारखी. म्हणून आधी तयार केलं. आता विचारते. तू नाय म्हणालीस तरी मला राग नाय."

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या हातासाठी, माझ्या नोकरीसाठी बाई झिजतायत असं मी समजत होते, आणि त्या मला स्वतःसाठी तयार करत होत्या. जिना चढून वर गेले आणि पिशवी भरली. दोन दिवस लासूर स्टेशनला आईवडिलांकडं जाऊन राहिले. वडील म्हणाले, परक्या बाईचं मरण तू कशाला अंगावर घेतेस, दुसरी खोली बघ. आई चुलीपुढं होती. ती भाकरी थापत होती आणि मी परात उचलून बाजूला ठेवली, तर माझ्या हाताकडं बघून म्हणाली, हात चांगला भरला गं तुझा.

सोमवारी पहिल्या गाडीनं परत आले. फाटकाची कडी काढली, चपला सोडल्या आणि बाईंच्या समोर जाऊन खुर्चीवरचं कट्टं मिठीत घेतलं.  त्यांनी बारापासून मोजायला सुरुवात केली.

हात चालत होते तोवर बाईंनी मांडणी रिकामी करायला घेतली. पंधराची जोडी आधी. एकेकीला बोलावून पुन्हा उचलायला लावायच्या आणि मग जोडी द्यायच्या. मागून कुणाला मिळालं नाही. पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीला बाराची हवी होती, तिला साडेसात दिली आणि वर्षभरानं भाभींकडून दहाची नेण्याची परवानगी दिली. वहिनींना पाच. भाभींना दहा. भाभींनी ती नेली नाही. म्हणाल्या, मैं इधरिच आके करूंगी, आप देखो. शेवटी भाभींची दहा सोडली तर मांडणीत दोन, एक आणि अर्धा किलो राहिले, ते बाईंच्या स्वतःच्या व्यायामाचे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी हलक्या वजनाला परवानगी दिली होती, दमेपर्यंत करायचं नाही या अटीवर. बाई दोनावरून एकावर आल्या तेव्हा स्वतःच आल्या. आठ झाले नाहीत, डंबेल खाली ठेवलं आणि एकाकडं बोट केलं. जो नियम सगळ्यांना, तोच त्यांना.

हिवाळ्यात पाय गेले. मावशी सकाळी नवाला यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची. सकाळचं उचलणं माझं. पलंगावरून उठवायचं, संडासाच्या खुर्चीत, तिथून खिडकीजवळच्या खुर्चीत, मग मी लॅबला जायची. कसं उचलायचं ते बाईच शिकवायच्या, रोज, जणू मी पहिल्यांदाच करतेय. माझा एक पाय त्यांच्या दोन पावलांच्या मधे. गुडघ्यात वाक, कमरेत नको. दोन्ही हात काखेतून पाठीमागं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर. आता मांड्यांनी उठ. मी उठायचे आणि त्या यायच्या वर. पहिल्या दिवशी त्या माझ्या खांद्यावर कानाशी म्हणाल्या होत्या, शाबास. बत्तीस वर्षं पोरींना म्हणत आल्या असतील, तसंच.

भाभी म्हणायच्या, माझी सासू पंचेचाळीस किलोची, तरी मला घाम फुटतो, तुला कसं जमतं? मला त्याचा अभिमान वाटायचा. बाईंनी तयार केलंय, असं मी सांगायची.

त्याच सुमारास मी बाईंना फसवलं.

त्यांच्या बोटांना डंबेल धरता येत नव्हतं. म्हणून मी जाड कापडाचे पट्टे शिवले, त्यांत वाळू भरली आणि मनगटाला बांधायला नाडी लावली. काट्याला लावून अर्ध्या अर्ध्या किलोचे केले. बाई खुर्चीत बसून डावा हात कोपरातून वर घ्यायच्या. अकरा व्हायचे, मग नऊ, मग सात. सात झाले त्या दिवशी त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. अर्ध्याच्या खाली त्यांच्या मांडणीत काही नव्हतं.

मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाथरूममध्ये मावशीजवळ होत्या, तेवढ्यात मी पट्ट्याची शिवण उसवली, तीन-चार मुठी वाळू कुंडीत टाकली आणि परत शिवलं. बाईंनी हात उचलला. दहा झाले. अकरा झाले. बारावा झाला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरू शकत नाही. एखादी गोष्ट परत मिळाल्यावर लहान पोरीचा चेहरा होतो, तसा झाला. मावशी टाळ्या वाजवायला लागली.

मग बाईंच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मनगट मांडीवर ठेवलं, पुन्हा थोडं उचललं. म्हणाल्या, काटा आण.

मी जागची हलले नाही. मावशीनं काटा आणला, पट्टा सोडून हुकाला लावला आणि आकडा वाचला. तीनशे ग्रॅम. बाईंनी मावशीला बाहेर पाठवलं.

त्यांचं बोलणं तेव्हा जड व्हायला लागलं होतं, शब्द एकमेकांत अडकायचे. तरी हे त्या सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलल्या.

"आठवड्याचं माझं मला कळतं. किती गेलं, किती राह्यलं. तू वाळू काढलीस तर मला कसं कळंल मी कुठं हाय?"

मी रडत होते. त्यांना माझे डोळे पुसायचे होते, हात माझ्या गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मग म्हणाल्या, तीनशे चांगलं वजन हाय, उद्यापासून तीनशेच घेऊ, पण तीनशे म्हणून घेऊ. मी कुंडीतली वाळू परत भरायला निघाले होते, ते त्यांनी भरू दिलं नाही. त्या तीनशेवर त्यांनी दीड महिना काढला. शेवटी नुसत्या हातावर आल्या. तेव्हाही मी मोजायची, आणि खरं मोजायची.

उन्हाळ्यात बोलणं गेलं. डोळ्यांनी हो-नाही व्हायचं. बहीण बिडकीनहून येऊन राहिली. ती खुर्चीजवळ बसून घरच्या, शेतातल्या गोष्टी सांगायची आणि बाई ऐकायच्या. गुडघ्यांमुळं तिला उचलता यायचं नाही, त्याचं तिला फार लागायचं. ती मला म्हणायची, माझी बहीण आणि उचलतेस तू. सकाळचं उचलणं माझंच राहिलं. मी पाय ठेवायची, वाकायची, त्यांची हनुवटी खांद्यावर घ्यायची. आता सूचना द्यायला त्या बोलू शकत नव्हत्या, पण मला सूचनांची गरज नव्हती. अंगात बसलं होतं. छप्पनच्या त्या चाळीसवर आल्या होत्या. मला वाटायचं, किती सहज येतात.

त्या दिवशीही सकाळी मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून लॅबला गेले. साडेदहाला मावशीचा फोन आला. माझ्यासमोर एक आजोबा बाही वर करून बसले होते, सुई आत होती. मी नळी भरली, कापूस लावला, त्यांना दोन मिनिटं दाबून धरा म्हटलं, आणि मग रिक्षा पकडली.

बाई खुर्चीतच होत्या. मान एका बाजूला, डोळे कुणीतरी मिटवले होते. बहीण पायाशी बसलेली, मावशी दारात, भाभी पलंगावर धुतलेली चादर घालत होत्या. डॉक्टर येऊन बघून गेले होते. सगळ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, कारण बाईंना रोज मीच उचलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी रोजच्यासारखा पाय मधे ठेवला. गुडघ्यात वाकले. हात काखेतून मागं नेले, हनुवटी खांद्यावर घेतली आणि मांड्यांनी उठले. बाई आल्या नाहीत.

मला वाटलं, पकड चुकली. हात नीट केले आणि पुन्हा उठले. त्या बोटभर हलल्या आणि परत खाली गेल्या. चाळीस किलो. याहून जड होत्या तेव्हाही मी त्यांना त्याच खोलीत उचललं होतं. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा माझी नजर खाली गेली. त्यांच्या टाचा फरशीवर नुसत्या टेकलेल्या होत्या. रोज त्या टाचा फरशीत रुतायच्या. रोज मी उठायला लागले की हनुवटी माझ्या खांद्यात दाबली जायची, पोट आत ओढलं जायचं, श्वास थांबायचा. पाय गेले म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, त्या पायांत जे काही उरलं असेल ते त्या रोज सकाळी तेवढ्या एका क्षणाला लावत होत्या. मी आपली समजत होते, माझ्या अंगात ताकद आली.

भाभींनी चादर सोडली आणि येऊन गुडघ्यांखालून हात घातले. दोघींनी मिळून बाईंना पलंगावर ठेवलं, न आपटता. भाभींना धाप लागली होती. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"इतना वजन तू रोज अकेली कैसे उठाती थी?"

"एकटी नव्हते उचलत, भाभी," मी म्हटलं. "बाई पण उचलत होत्या."